एका गिअरचे हिरामणकाका

हिरामणकाकांच्या सायकलला एकवीस गिअर आहेत आणि त्यातला ते एकच वापरायचे. बाकीचे वीस त्यांनी जपून ठेवले होते. कशासाठी, असं विचारलं तर आपल्यालाच समजावल्यासारखं सांगायचे, "नवीन हायेत रं. कशाला झिजवायचं? एकावर भागतंय ना."

सायकल येऊन वर्ष होत आलं तरी सीटवरचं दुकानातलं प्लास्टिक त्यांनी काढलेलं नव्हतं. ऊन तापलं की ते विजारीला चिकटायचं, आणि काका उतरताना असा आवाज व्हायचा की गल्लीतली कुत्री कान टवकारायची. काकांना त्याचं काही नाही. पांढरा शर्ट, पायघोळ विजारीला घोट्याशी लावलेले कपडे वाळत घालायचे चिमटे, डोक्यावर हेल्मेट आणि गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची साखळी, अशा थाटात ते मासळीबाजारात जाऊन यायचे. सायकल हलकी हवी म्हणून त्यांनी घंटी काढली, मडगार्ड काढलं, स्टँडसुद्धा काढला. साखळी मात्र गळ्यात तशीच. "काका, सगळ्यात जड वस्तू तर तीच आहे," असं मी एकदा बोललो, तर दोन दिवस त्यांनी मला पाण्याची मोटर कधी चालू होणार ते सांगितलं नाही.

मी त्यांचा भाडेकरू. भिवंडीच्या नारपोलीत खाली काका, वर मी, आणि भिंतीपलीकडे काकांचा कापडाच्या यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा, जुना कारखाना. तो आता त्यांनी दुसऱ्याला चालवायला दिला आहे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा नितेश ठाण्यात घोडबंदरच्या बाजूला टॉवरमध्ये राहतो. त्यामुळे खालच्या घरात काका एकटे, आणि सोबतीला दिवसभर लूमची खटखट. माझ्याकडे पाहुणे आले की तासाभरात डोकं धरून बसतात. काकांचं उलटं. दुपारी वीज गेली, लूम थांबले, की ते झोपेतून दचकून उठतात आणि अंगणात येऊन विचारतात, "काय झालं रं?" आवाजानं झोप मोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. शांततेनं झोप मोडणारा हा एकच.

एका गिअरमागचं तत्त्वज्ञानही लूममधूनच आलेलं. "लूमला कुटं गिअर असतंय? बटन दाबलं, चालू. धागा तुटला, बंद. मधी काय न्हाय." काकांचं सगळंच असं. ज्याच्याशी बोलतात त्याच्याशी पोटभर बोलतात, ज्याच्याशी बोलत नाहीत त्याच्या दारावरूनही जात नाहीत. हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. आयुष्य लूममध्ये गेलेल्या माणसाला तो ठाऊक असायचं कारणही नाही.

या घराची खरी करमणूक म्हणजे रविवारचा फोन. नाश्त्याच्या वेळेला नितेशचा फोन यायचा. खटखटीत ऐकू यावं म्हणून काका तो स्पीकरवर टाकायचे, आणि मी वर गॅलरीत चहाचा कप घेऊन स्टूल ओढून बसायचो. उगाच खोटं कशाला सांगू, मी त्या वेळेची वाट बघायचो.

"मग बाबा, काय ठरवलंत?" नितेश सुरुवात करायचा.

"न्हाय येनार."

"का पण?"

या "का"चं उत्तर दर रविवारी नवं असायचं. एकदा म्हणाले, "तुमच्या लिफ्टमंदी अनोळखी मानसाच्या तोंडाकं बघत उभं ऱ्हावं लागतंय." एकदा म्हणाले, "तुमच्या तिकरं मासली फोनवर मागवतात. तिचा डोला बघितल्याबिगर मी मासली खात न्हाय." एका रविवारी तर इतक्या उंचावर पाणी पचत नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. नितेश बिचारा शिकलेला, कंपनीत मॅनेजर. तो एकेक मुद्दा खोडून काढायचा. इथली धूळ, दारात उभे राहणारे ट्रक, काकांचा गुडघा, एकट्या माणसाला रात्री-अपरात्री काही झालं तर कोण बघणार, सगळं मांडायचा. काका आणखी मोठ्यानं ओरडायचे. भांडण ऐन रंगात यायचं आणि शेवटी कुणाच्या तरी फोनची बॅटरी संपायची.

सायकलही नितेशनंच आणून दिली होती, गुडघ्याला व्यायाम म्हणून. तीच पुढे त्याच्या अंगाशी आली.

झालं असं, की कल्याण नाक्याजवळच्या सायकलच्या दुकानात काकांनी एक पोस्टर वाचलं. ठाण्यातल्या कुठल्याशा सायकल मंडळींनी थंडीत माळशेज घाट चढायचा बेत केला होता, आणि नवशिक्यांनीही यावं असं खाली लिहिलं होतं. त्या रविवारी भांडताना नितेशनं गुडघ्याचा विषय काढला आणि काका उसळले.

"गुडघं? कुनाचं गुडघं? अरं, माळशेज चढून दाखवीन मी सायकलवर!"

मग नितेश थंडपणे म्हणाला, "चढा. पायी नाही, गाडीत नाही, सायकलवरून चढा. चढलात तर ठाण्याला यायचा विषय मी आयुष्यात पुन्हा काढणार नाही. नाही चढलात तर गुपचूप सामान बांधायचं."

"ठरलं," काका म्हणाले. फोन ठेवला आणि जिन्यातून वर हाक मारली, "सावंता, तुजं बी नाव दिलंय मी."

मी सावंत. काल्हेरच्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. खुर्चीत बसून ट्रक कुठं पोचला ते विचारणं हा माझा व्यायाम. नकार द्यायला मी खाली गेलो, तर काका अंगणात सायकलीसमोर उकिडवे बसून तिच्याकडे बघत होते. त्यांनी मान वर केली आणि नेहमीच्या मानानं जरा हळूच विचारलं, "हुईल ना रं?" मला नाही म्हणता आलं नाही. घर जाणार होतं ते त्यांचं, आणि खालची ही खटखटीपेक्षा मोठी खटखट गेली तर मलाही त्या घरात करमलं नसतं.

तिसरा भिडू शकील. कोपऱ्यावर त्याचं लूमच्या सुट्ट्या पार्टचं दुकान आहे. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलेच हे लोक. तो एरवी आमच्यासारखंच मराठी बोलतो, फक्त घाबरला की हिंदीत जातो. अंगानं भरलेला, स्वभावानं लोण्यासारखा. "काका, मी मेकॅनिक म्हणून येतो. चढायचं तुम्ही," असं म्हणून तो आला आणि आमच्याइतकाच फसला.

आता भिवंडीत चढ आणायचा कुठून? इथली जमीन ताटासारखी सपाट. पुलांवर चढ आहे, पण तिथं ट्रेलरच्या रांगेत सायकल घालायची तर आधी घरच्यांचा निरोप घ्यावा लागेल. काकांनी तोडगा काढला. काल्हेरला त्यांच्या मेहुण्याचं गोदाम आहे, त्याला ट्रक वर चढवायला सिमेंटचा लांबलचक रॅम्प आहे. "घाट म्हंजे काय?" काका म्हणाले. "रॅम्पच. होलसेलमंदी."

मग शकीलनं आम्हा दोघांसाठी जुन्या सायकली जमवल्या आणि आम्ही घाट किरकोळीत चढायला लागलो. रोज सकाळी कामाआधी रॅम्पवर वर जायचं, वळायचं, खाली यायचं, पुन्हा वर. माल उतरवणारे हमाल बिड्या विझवून बघत उभे राहायचे. कुणीतरी ओरडलं, "चाचा, खाली हाथ फेरा क्यों मार रहे हो? एक-एक गठरी तो ले जाओ!" सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कॅरिअरला कापडाचा गठ्ठा बांधला आणि प्रत्येक फेरीला एक असे वर पोचवायला लागले. आठवडाभरात हमाल त्यांना "नमस्ते चाचा" म्हणायला लागले आणि वॉचमन आम्हाला सलाम ठोकायला लागला. मेहुणा मात्र कानकोंडा झाला. पाहुणा माणूस आपल्या गोदामात हमाली करतोय, हे गावात कळलं तर काय, अशी त्याला धास्ती.

या सरावात एक घोळ होता, पण तो आमच्या लक्षात आला नाही. रॅम्प संपला की लगेच उतार, आणि उताराच्या टोकाला चहाची टपरी. महिना-दीड महिना आमच्या पायांनी हेच पाहिलं. थोडा चढ, मग घरंगळत खाली, मग कटिंग. पायांचा त्यावर विश्वास बसला होता.

माळशेजच्या पायथ्याशी पोचलो त्या सकाळी धुकं होतं. ठाण्या-पुण्याची पोरं आणि पोरी अंगाला घट्ट बसणारे रंगीत कपडे घालून, बारीक चाकांच्या सायकली घेऊन उभी होती. ताकदीसाठी तोंडात कसल्या कसल्या गोड चिकाच्या पुड्या पिळत होती. काकांनी पिशवीतून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली आणि चौघा-पाचजणांना आग्रहानं खायला लावली. सगळ्यात मागे एक टेम्पो होता. ज्याला झेपणार नाही त्याला सायकलीसकट उचलून घ्यायची त्याची कामगिरी. काकांनी त्या टेम्पोकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. वर घाटमाथ्यावर नितेश गाडी घेऊन थांबणार होता. गाडीच्या डिकीत त्यानं सामान भरायला रिकामी खोकी आणली आहेत, हे त्यानं मला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. मी ते काकांना सांगितलं नाही.

चढ सुरू झाला. रॅम्पएवढा झाला, पाय उताराची वाट बघायला लागले. उतार आला नाही. आणखी एक रॅम्प झाला, आणखी एक झाला. माझे पाय अक्षरशः गोंधळले. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, समोरून ओतूर-जुन्नरकडचे टोमॅटोचे ट्रक भरधाव उतरत होते आणि चहा कुठंच नव्हता. रंगीत मंडळी केव्हाच वळणाआड गेली. शकीलनं दम खायला केळं सोललं, तर कठड्यावरच्या माकडानं ते त्याच्या हातातून सभ्यपणे काढून घेतलं. "या अल्ला, ये तो लूट है," शकील म्हणाला आणि तिथंच खाली बसला. टेम्पो आला, त्यानं शकीलला उचललं. पुढच्या वळणावर मलाही उचललं. मला लाज वाटली नाही. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढे काका एकटे. एकाच गिअरवर, उभे राहून, अख्ख्या अंगाचा भार एकेका पायडलवर टाकत ते चालले होते. साखळी गळ्यात डावी-उजवीकडे हेलकावत होती. एका अवघड वळणावर सायकल जागच्या जागी थांबली. काका पडले नाहीत. त्यांनी पाय टेकले आणि ते कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांची छाती भात्यासारखी चालली होती.

"बैठ जाओ चाचा," टेम्पोवाला म्हणाला. "सब लोग इधरीच हैं."

मी खाली उडी मारली. "काका, गिअर टाका. आता नाही तर कधी? झिजूदे एखादा."

"न्हाय."

"घर जाईल काका. आज जपायची वेळ नाही."

काकांनी दरीकडे तोंड केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना येत न्हाय गिअर टाकाया."

मला आधी कळलंच नाही. मग मी हँडलकडे पाहिलं. गिअर बदलायच्या खटक्यावरही दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं.

"नितेशनं दाखवलेलं, सायकल दिली तवा," काका म्हणाले. "त्याला मीटिंग होती. घाईघाईत दाखवलं. मी हो हो केलं. पुन्हा इचारावं तं त्याला वाटायचं, बाप येडा झाला. म्हनून मंग मीच ठरवलं, एकावर भागतंय."

वर्षभर आम्ही ज्याला चिक्कूपणा समजून हसत होतो, तो हा. पण तिथं गहिवरायला वेळ नव्हता. शकील टेम्पोतून उतरला, त्यानं मागचं चाक उचलून धरलं, मी काकांचा अंगठा धरून खटक्यावर ठेवला. "दाबा. पायडल फिरवत राहा. आणखी एकदा दाबा." सायकलची चेन कुरकुरली, मग खटाखट खालच्या दातऱ्यावरून वरच्या दातऱ्यावर चढत गेली. काकांनी ते दोनदा केलं, तीनदा केलं. मग सीटवर बसले आणि पायडल मारलं. पाय भिंगरीसारखा फिरला.

"अरं!" काका ओरडले. तो आवाज दरीतून परत आला. "अरं, ह्ये तं फुकाट फिरतंय! सावंता, ही चोरी तं न्हाय ना रं? चालतंय ना हे?"

"चालतं काका! त्यासाठीच दिलेत!"

ते निघाले. मुंगीच्या गतीनं, पण निघाले. आम्ही पुन्हा टेम्पोत बसलो आणि त्यांच्या मागे मागे चाललो. मघाशी बसा बसा म्हणणारा टेम्पोवालाच आता दिवे लावून, हात बाहेर काढून मागच्या गाड्या अडवत होता. पाठीमागे ट्रकांची रांग लागली, कुणी हॉर्न वाजवला की तोच बाहेर डोकं काढून खेकसायचा, "दिखता नहीं? चाचा चढ़ रहे हैं!" चढ जरा सैल झाला की काका खटका दाबून बघायचे, पुन्हा उलटा दाबायचे, आणि स्वतःशीच मोठ्यानं हसायचे. साठी ओलांडलेला तो माणूस त्या घाटात एक नवी गोष्ट शिकत होता आणि शिकता शिकता चढत होता. मला त्या वेळी त्यांच्याइतका मोठा माणूस दुसरा कुणी वाटला नाही. आजही वाटत नाही.

घाटमाथ्यावर टाळ्या वाजल्या. थांबायचं कुठं हे न कळल्यानं काका तसेच पुढे निघून गेले आणि नितेशला बापामागे धावावं लागलं. त्यानं सायकल धरली, काकांना उतरवलं, मिठी मारली. बापलेक दोघेही रडत होते आणि दोघेही एकमेकांना "घाम आलाय" म्हणत होते.

"जिंकलात बाबा," नितेश म्हणाला. "विषय संपला. मी शब्द दिलाय."

"संपला म्हंजे संपला," काका म्हणाले आणि घाट चढल्याबद्दल मिळालेलं मेडल गळ्यातल्या साखळीवर घातलं.

नंतर नारपोलीत आठवडाभर त्यांची वरात निघायची तेवढी बाकी होती. गोदामातल्या हमालांनी हार घातला. काकांनी गल्लीतल्या सगळ्या पोरांना गिअर बदलायला शिकवलं, ज्यांच्या सायकलला गिअर नव्हते त्यांनाही.

मग रविवार आला. नाश्त्याच्या वेळेला फोन वाजला. मी सवयीनं गॅलरीत जाऊन बसलो.

"बाबा, बरे आहात ना? गोळ्या घेतल्या? ठीक. ठेवतो."

बस. चहा कपातच राहिला. खाली काका फोनकडे बघत बसले होते. पुढच्या रविवारीही तेच. बरे आहात ना, गोळ्या घेतल्या, ठीक. नितेशचं चुकलं म्हणता येत नव्हतं. तो शब्दाला जागत होता. दुसऱ्या विषयावर बोलायचं कसं, हे दोघांनाही कधी शिकावं लागलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी काका जिना चढून वर आले, माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आज येक झ्याक कारन सुचलेलं. त्यांच्या तिकरं कावलेसुद्धा वर येत न्हाईत. पन त्यानं इचारलंच न्हाय."

मग ते झटक्यात उठले. "सायकल काढ. ठाण्याला जाऊया."

काल्हेरवरून, कशेळीचा खाडीपूल ओलांडून आम्ही गेलो. माळशेज चढलेला माणूस त्या टॉवरच्या गेटवर मात्र रुमालानं दोनदा तोंड पुसून उभा राहिला, शर्टाच्या चुण्या सारख्या केल्या, मला विचारलं, "बरा दिसतंय ना मी?"

नितेशनं दार उघडलं तेव्हा तो आनंदानं गोंधळला. सून चहा घेऊन आली. थंडीवर बोलून झालं, रस्त्याच्या कामावर बोलून झालं. मग विषय संपले. त्या घरात इतकी शांतता होती की घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

काकांनी खाकरून घसा साफ केला. "आमच्या तिकरं धूल लय झालीय हल्ली."

"हं," नितेश म्हणाला.

"ट्रक बी वाढलं. दारातच उभं करतात."

"काळजी घ्या."

"गुडघा पन जरा..." काका थांबले. त्यांनी बशी खाली ठेवली. "येकटा मानूस. कवा काय हुईल, सांगता येत न्हाय."

नितेशनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वडिलांकडे. "बाबा," तो अवघडून म्हणाला, "तो विषय काढायचा नाही असं ठरलंय ना आपलं? मी शब्द दिलाय तुम्हाला."

काकांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मी त्यांचा इतका हळू आवाज ऐकला नव्हता.

"मी कुटं काढतंय," ते म्हणाले. "तू काढ ना रं."